शस्त्र हातात आलं की माणसाचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशकातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मानसशास्त्र शिकवतो. पालकसभेत, मंडळाच्या व्याख्यानानंतर, कधी टपरीवर चहा घेताना लोक बंदुकीबद्दल जे विचारतात ते इथं एकत्र केलं आहे. काही प्रश्न भाबडे आहेत, काही अंगावर येणारे. ज्यावर बोलण्यासारखं खूप आहे तिथं मी लांबण लावली आहे, बाकीचं दोन ओळींत उरकलं आहे.

गन कल्चर म्हणजे नक्की काय? जिथं बंदुका जास्त, तिथं ते असतंच का?

नुसत्या मोजदादीवरून ते ठरत नाही. जिनिव्हातल्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेनं २०१८ साली जो अंदाज मांडला, त्यानुसार जगभरात सामान्य नागरिकांकडं सुमारे ८५ कोटी ७० लाख बंदुका आहेत. त्यातल्या ३९ कोटींहून जास्त एकट्या अमेरिकेत, म्हणजे दर १०० माणसांमागं १२० बंदुका. माणसांपेक्षा बंदुका जास्त. स्वित्झर्लंडमध्ये हा आकडा २७ च्या पुढं आहे आणि भारतात पाचच्या आसपास. पण स्विस माणूस बंदुकीकडं बघतो तसं अमेरिकन बघत नाही, आणि आपल्याकडं बंदुका मोजक्या असल्या तरी बंदुकीचं वेड मोजकं नाही. ज्याच्या सात पिढ्यांत कुणी काडतूस पाहिलं नाही, त्या पोराच्या डीपीलाही पिस्तूल असतं.

बंदूक जोवर गरजेची वस्तू असते तोवर तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ती बाळगणाऱ्याची ओळख झाली, की तिच्याभोवती गोष्टी, गाणी, शपथा, फोटो जमा व्हायला लागतात. या जमलेल्या पसाऱ्याला मी गन कल्चर म्हणतो. त्यात खरी बंदूक असलीच पाहिजे असंही नाही.

नाशकात तर कोयते निघतात. मग बंदुकीची चर्चा कशाला?

कारण दोन्हींमागचं मन एकच आहे. कोयता हे मुळात उसाच्या फडातलं अवजार. ऊसतोडीला जाणारा माणूस कोयत्यासोबत सेल्फी काढत नाही. सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड भागात वाढदिवसाला तलवारीनं केक कापणारी पोरं, स्टेटसला कोयता लावणारी पोरं आणि कुठून तरी गावठी कट्टा मिळवून कमरेला खोचणारी पोरं या एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत. सगळेच वरपर्यंत जात नाहीत, बहुतेक तर पहिल्याच पायरीवर थांबतात. पण कट्टा सापडलेल्या पोराचे जुने स्टेटस चाळा, केक हमखास सापडतो.

२०२५ च्या ऑक्टोबरात नाशिक पोलिसांनी भाईगिरी करणाऱ्यांना कॅमेऱ्यासमोर उभं करून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ म्हणायला लावलं. त्या रील राज्यभर फिरल्या. लोक खूश झाले, आणि ते का खूश झाले हे मला कळतं. मानसशास्त्राच्या शिक्षकाला मात्र त्यात वेगळंच दिसतं: पोलिसांनी रीलला रीलनंच उत्तर दिलं. ही सगळी भाईगिरी प्रतिमेवर उभी आहे हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. असा अपमान किती दिवस टिकतो, ही शंका मात्र आहेच.

हातात शस्त्र आलं की माणूस बदलतो, हे खरं की नुसतं बोलायचं?

यावर प्रयोग झाले आहेत. लिओनार्ड बर्कोविट्झ आणि अँथनी लपाज यांनी १९६७ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात १०० विद्यार्थी घेतले. आधी जोडीदाराकडून सौम्य विजेचे झटके देऊन काहींना चिडवलं, मग परतफेडीची संधी दिली. काहींच्या समोरच्या टेबलावर रिव्हॉल्व्हर आणि शॉटगन ठेवली होती, काहींच्या समोर बॅडमिंटनच्या रॅकेट, काहींच्या समोर काहीच नाही. चिडलेल्यांपैकी ज्यांच्या समोर बंदुका होत्या, त्यांनी जास्त झटके दिले. बंदुकीला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. ती फक्त तिथं पडलेली होती.

नंतर २००६ साली ३० तरुणांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना पंधरा मिनिटं पिस्तूल हाताळायला दिलं, निम्म्यांना लहान मुलांचा एक खेळ. मग पुढच्या माणसाला प्यायच्या पाण्यात हवा तेवढा तिखट सॉस घालायला सांगितलं. पिस्तूल हाताळलेल्यांच्या लाळेत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वाढलेलं आढळलं आणि त्यांनी सॉसही बराच जास्त ओतला. (हा प्रयोग नाशकात झाला असता तर मिसळीची तर्री वापरली असती, आणि निष्कर्ष काढणं अवघड झालं असतं.)

मला सगळ्यात जास्त आवडतो तो २०१२ चा प्रयोग. लोकांना फक्त हातांचे फोटो दाखवले. कुणाच्या हातात ड्रिल, कुणाच्या हातात करवत, कुणाच्या हातात पिस्तूल. विचारलं, हा माणूस किती उंच असेल? पिस्तूल धरलेला हात ज्याचा, तो लोकांना जास्त उंच आणि धिप्पाड वाटला. कॉलेजातला साडेपाच फुटी, हडकुळा पोरगा पिस्तुलासोबत फोटो का टाकतो याचं उत्तर मला इथं मिळालं. ते पोरगं हा शोधनिबंध वाचून फोटो टाकत नाही, त्याला हे आतूनच कळलेलं असतं.

हेही सांगायला हवं, की १९६७ च्या प्रयोगाचा निकाल सगळ्यांना तसाच मिळाला नाही. काही संशोधकांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा परिणाम दिसला नाही. तीस जणांचा प्रयोगही लहानच. त्यामुळं ‘बंदूक पाहिली की माणूस खुनी होतो’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आधीच पेटलेल्या मनाला शस्त्र फुंकर घालतं, एवढं म्हणायला मी तयार आहे.

आपले सगळे देव शस्त्रधारी आहेत. मग शस्त्राबद्दल असं बोलणं पाश्चात्त्य नाही का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक व्याख्यानानंतर येतो, आणि विचारणारा बहुधा पंचवटीतला असतो. म्हणून उत्तरही पंचवटीच्या वाटेवरचंच देतो.

वाल्मीकी रामायणात, अरण्यकांडाच्या सुरुवातीला, राम-लक्ष्मण-सीता दंडकारण्यात आत आत चालले आहेत. तिथल्या ऋषींना रामानं राक्षस मारण्याचा शब्द दिलेला आहे. सीता त्याला थांबवते आणि म्हणते, इच्छेतून तीन दोष जन्मतात: खोटं बोलणं, परस्त्रीचा मोह आणि वैर नसताना दाखवलेलं क्रौर्य. पहिले दोन तुमच्यात नाहीत आणि नसतीलही. तिसरा आता तुमच्या जवळ येतोय असं मला दिसतं. मग ती एक गोष्ट सांगते.

एक ऋषी तप करत होता. त्याचं तप मोडायचं म्हणून इंद्र योद्ध्याच्या वेशात आला आणि आपली तलवार ठेव म्हणून त्याच्याकडं सोडून गेला. ठेव सांभाळायची तर हलगर्जी चालत नाही. ऋषी फळं-मुळं आणायला निघाला तरी तलवार सोबत, कुठंही गेला तरी सोबत. कुणावर उगारायची असं त्याच्या मनातही नव्हतं. पण रोज ती वागवता वागवता त्याचं मन हळूहळू कठोर झालं, तप बाजूला पडलं, तो हिंसेला सोकावला आणि शेवटी नरकात गेला. लाकडाजवळ विस्तव तसं माणसाजवळ शस्त्र, असं सीता म्हणते. कुठं शस्त्र आणि कुठं वन, कुठं क्षात्रकर्म आणि कुठं तप? अयोध्येला परत गेल्यावर क्षत्रियाचा धर्म पाळा, असंही सुचवते. आणि लगेच सांगते, मी तुम्हाला शिकवत नाही, आठवण करून देते आहे.

यात काय काय आलं ते बघा. ऋषीवर कुणी हल्ला केला नव्हता. तो रागीट नव्हता. तलवार त्याची स्वतःची नव्हती आणि ती चालवायची म्हणून घेतलेलीही नव्हती. ‘जवळ असू द्या, वापरायची कोण म्हणतंय’ हे आजचं वाक्य त्या गोष्टीत जसंच्या तसं बसतं. बर्कोविट्झच्या टेबलावर जे पडलं होतं, ते या ऋषीच्या कमरेला होतं.

सीतागुंफेसमोरच्या रांगेत उभं राहा, गाइड शूर्पणखेच्या नाकाची गोष्ट तिखटमीठ लावून सांगेल. ही गोष्ट मी एकाही गाइडच्या तोंडून ऐकलेली नाही.

मग रामानं ऐकलं का?

नाही. पण तो सीतेवर चिडलाही नाही. तू मायेपोटी बोललीस, मला आवडलं, असं तो म्हणतो. ऋषी शरण आले, त्यांना शब्द दिला, आणि शब्द मोडण्यापेक्षा मी प्राण सोडेन, ही त्याची बाजू. पुढं अगस्त्य ऋषी त्याला धनुष्य, बाण, तलवार देतात आणि पंचवटीत राहायला सांगतात. त्यानंतर जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

रामायण इथं कुणा एकाला जिंकवत नाही. संरक्षणाचा शब्द आणि शस्त्राचा धोका, दोन्ही बाजू पूर्ण ताकदीनं मांडून कथा पुढं जाते. आपण मात्र पोस्टरसाठी निम्मीच कथा उचलली.

ब्रह्मास्त्र वगैरे म्हणजे त्या काळचे बॉम्बच होते ना?

नव्हते, आणि त्या वादात मला पडायचं नाही. अस्त्रांच्या कथेतला माझ्या कामाचा भाग वेगळा आहे. महाभारताच्या सौप्तिकपर्वात, युद्ध संपल्यावर, कोंडीत सापडलेला अश्वत्थामा गवताच्या काडीवर मंत्र टाकून अस्त्र सोडतो. अर्जुनही प्रतिअस्त्र सोडतो. व्यास आणि नारद मध्ये उभे राहून दोघांना अस्त्रं मागं घ्यायला सांगतात. अर्जुन घेतो. अश्वत्थाम्याला सोडता येतं, मागं घेता येत नाही. शेवटी तो ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवतो.

द्रोणाचार्यांचा मुलगा होता तो. विद्या घरचीच होती, मनावर ताबा नव्हता. राग आलाय, हातात अस्त्र आहे आणि परत फिरायची वाट शिकलेलीच नाही, या अवस्थेतली पोरं मी समुपदेशनाला आलेली पाहिली आहेत. अस्त्राच्या जागी साधा चाकू असतो, एवढाच फरक.

दसऱ्याला आम्ही शस्त्रपूजन करतो. तेही गन कल्चरच का?

मला तसं वाटत नाही. खंडेनवमीला पोलीस मुख्यालयात रायफलींची पूजा होते, अंबड-सातपूरच्या कारखान्यांत लेथ मशिनला झेंडूची माळ पडते, घरात विळी आणि स्क्रू ड्रायव्हर पाटावर मांडले जातात. त्या दिवशी शस्त्र खाली ठेवलेलं असतं आणि माणूस त्याच्यासमोर वाकलेला असतो. फोटोतल्या पोराची मुद्रा याच्या नेमकी उलट असते.

शमीची गोष्टही नीट आठवावी. पांडवांनी अज्ञातवासाला जाताना शस्त्रं शमीच्या झाडावर बांधली, तीही स्मशानाजवळच्या. कुणी तिकडं फिरकू नये म्हणून झाडाला एक प्रेतही बांधलं. मग अर्जुनानं वर्षभर बृहन्नडा होऊन मुलींना नाच शिकवला. त्याच विराटाच्या वाड्यात राजपुत्र उत्तर बायकांसमोर बढाया मारत होता, की सारथी मिळाला तर कौरवांची धूळधाण करून दाखवतो. कौरवांचं सैन्य दिसताच तो रथातून उडी मारून पळाला. ज्याच्या हातात शस्त्र नव्हतं तो नर्तक त्याला धरून परत घेऊन आला आणि नंतर शमीवरून धनुष्य काढायला लावलं. आजच्या रील बघताना मला उत्तर फार आठवतो. फक्त एक सांगतो: उत्तर वाईट मुलगा नव्हता, आणि पुढं तो लढलाही.

आता दसऱ्याच्या मिरवणुकीत मोकळ्या तलवारी नाचवणं हा वेगळा विषय. शस्त्र अधिनियमाच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं मोडतात. शेतीची आणि घरगुती अवजारं त्यातून वगळली आहेत. पाटावरची विळी आणि चौकातली तलवार यांतला फरक कायद्यालाही कळतो.

अनंत कान्हेरेंना हुतात्मा म्हणता आणि पोरांना पिस्तुलापासून दूर राहा म्हणता. हा दुटप्पीपणा नाही का?

हा प्रश्न एका विद्यार्थ्यानं भर वर्गात विचारला. मला तो आवडला.

२१ डिसेंबर १९०९ ला नाशकातल्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला कलेक्टर जॅक्सन आला होता. त्याची बदली झाली होती. अनंत कान्हेरेंनी ब्राउनिंग पिस्तुलानं त्याच्यावर गोळ्या झाडल्या. पळून जायचं नव्हतंच, स्वतःला संपवायचाही बेत होता, पण ते पकडले गेले. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांच्यासह कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. कान्हेरेंनी अजून विशीही गाठली नव्हती.

त्या कृत्याकडं कसं बघायचं यावर तेव्हाही दुमत होतं. मारला गेलेला जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता, आणि तोच परकीय सत्तेचा जिल्ह्यातला चेहराही होता. मी वर्गात एवढंच म्हणालो, की कान्हेरेंनी त्या पिस्तुलाची किंमत आपल्या जिवानं मोजायचं आधीच ठरवलं होतं. कमरेला कट्टा लावणाऱ्याला किंमत मोजायची नसते, ती दुसऱ्याकडून वसूल करायची असते. दोघांच्या हातातली वस्तू सारखी, म्हणून दोघं सारखे होत नाहीत. ज्या मैदानाला आपण सवयीनं गोल्फ क्लब म्हणतो त्याला हुतात्मा कान्हेरेंचं नाव आहे. तिथं सकाळी चालायला जाणाऱ्या किती जणांना ही तारीख ठाऊक असेल?

याच शहरात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षं चालला. दगड झेलले गेले, माणसं तुरुंगात गेली आणि सत्याग्रहींनी शस्त्र उचललं नाही. त्या लढ्यातल्यांना भित्रे म्हणायची हिंमत मी अजून कुणाच्यात पाहिली नाही. शौर्याच्या गोष्टी सांगायच्याच तर ही गाळू नका.

देवळालीत तोफखाना, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर, गावात भोसला मिलिटरी स्कूल. लष्करी वातावरणामुळं पोरांना बंदुकीचं वेड लागतं का?

माझा अनुभव उलटा आहे. ज्या घरात फौजी आहे त्या घरातलं पोर बंदुकीबद्दल कमी बोलतं. देवळालीतल्या ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांना मी विचारलं, नोकरीत रायफलीबद्दल सगळ्यात जास्त काय आठवतं? मला वाटलं फायरिंग सांगतील. म्हणाले, “कोत. सही करून काढायची, सही करून जमा करायची. एक राऊंड कमी भरला तर अख्ख्या कंपनीची झोप गेली.” कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार. कुलूप, वही, सही, पहारा. वापरलेल्या राऊंडच्या रिकाम्या केससुद्धा मोजून परत द्याव्या लागतात.

इस्रायलमधला अनुभव इथं सांगण्यासारखा आहे. तिथल्या सैन्यानं २००६ साली असं ठरवलं, की सुट्टीला घरी जाणाऱ्या तरुण सैनिकांनी रायफल तळावरच ठेवून जायचं. नंतरच्या अभ्यासात तरुण सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. तीच मुलं, तेच ताण. सुट्टीच्या दिवसांत रायफल घरात नव्हती, एवढंच.

अमेरिकेला एवढं वेड का?

तिथल्या राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती १७९१ सालची. ती शस्त्र बाळगण्याच्या हक्काबद्दल आहे, आणि हा हक्क व्यक्तीचा आहे हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं स्पष्टपणे म्हटलं ते थेट २००८ मध्ये. पण कायद्यापेक्षा जुनी आणि बळकट आहे ती तिथली पुराणकथा: एकटा पुरुष, घोडा, माळरान, कमरेला रिव्हॉल्व्हर आणि ज्याच्या हाती वेग त्याच्या बाजूला न्याय.

या पुराणकथेची गंमत बघा. १८८१ च्या २६ ऑक्टोबरला ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावी ओके कोराल नावाच्या जागेजवळ गोळीबार झाला. तो ‘वाइल्ड वेस्ट’चा कळस मानला जातो. तो जेमतेम अर्धा मिनिट चालला आणि तीन माणसं मेली. भांडणाचं एक तात्कालिक कारण काय होतं? गावात हत्यार घेऊन फिरायला बंदी होती, आणि पोलीस ती अमलात आणायला निघाले होते. त्या काळच्या बऱ्याच सरहद्दीवरच्या गावांत पाहुण्यानं बंदूक आधी जमा करायची असा नियम असे. दोनच वर्षांनी, १८८३ साली, बफेलो बिल कोडीनं आपला ‘वाइल्ड वेस्ट’ खेळ सुरू केला. शहरांतल्या लोकांनी, पुढं युरोपनंही, पश्चिम अमेरिका त्या खेळात पाहिली आणि तीच खरी मानली. मूळ गावात बंदूकबंदी, खेळात धडाधड गोळ्या. लक्षात राहिला तो खेळ.

नॅशनल रायफल असोसिएशनही १८७१ साली निघाली ती नेमबाजी सुधारावी म्हणून. तिचं कडवं राजकीय रूप पक्कं झालं ते १९७७ नंतर.

“वाईट माणसाच्या बंदुकीला चांगल्या माणसाची बंदूकच थांबवते.” यात चूक काय?

हे वाक्य २०१२ च्या अखेरीला त्याच असोसिएशनच्या प्रमुखानं म्हटलं. ते इतकं चटकदार आहे की व्हॉट्सॲपवर मराठीतही फिरतं. २०२२ च्या मे महिन्यात टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. तिथं एकूण ३७६ सशस्त्र पोलीस आणि अधिकारी जमले होते. वर्गात शिरून हल्लेखोराला मारायला ७७ मिनिटं लागली. चांगली माणसं होती, बंदुका होत्या. गोष्टीतल्या नायकाला भीती वाटत नाही, खऱ्या माणसाला वाटते, आणि ही भीती प्रशिक्षणानंही पूर्ण जात नाही.

भारतात बंदूक बाळगणं हा हक्क आहे का?

नाही, परवानगी आहे. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्यानं हिंदुस्थानी माणसाला निःशस्त्र केलं, हा सल स्वातंत्र्यचळवळीत होता. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होताही. डिसेंबर १९४८ मध्ये एच. व्ही. कामत यांनी घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. आता १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे.

धंद्यात पैसे बाळगावे लागतात. संरक्षणासाठी लायसन्स काढू का?

शहर हद्दीत पोलीस आयुक्तालयात आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. जिवाला खरोखर धोका आहे हे दाखवावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, लग्नात-वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि विनापरवाना बंदूक सापडली तर किमान दोन वर्षं आत.

कायदा झाला, आता माझं मत. अमेरिकेतले बहुसंख्य बंदूकधारी सांगतात की त्यांनी ती संरक्षणासाठी घेतली. प्यू रिसर्च या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ७२ टक्क्यांनी हेच प्रमुख कारण दिलं. पण २०२१ साली तिथं बंदुकीनं ४८,८३० माणसं मेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. दाराबाहेरच्या चोरासाठी घेतलेली बंदूक घरातल्याच माणसावर उलटते, आणि बरेचदा ज्याच्या नावावर लायसन्स असतं त्याच्यावरच. टोकाची निराशा पुष्कळदा काही तासांची असते. तेवढ्या वेळात हाताशी काय आहे यावर जीव अवलंबून असतो. पैशांसाठी बँकेची व्हॅन, सीसीटीव्ही आणि ऑनलाइन व्यवहार आहेत. घरात कुणी नैराश्यात असेल, दारू जास्त होत असेल, तर लायसन्सचा विषयही काढू नका. असलेली बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करता येते.

बंदूक म्हणजे पुरुषत्वाचं प्रतीक, असं फ्रॉइड म्हणाला होता ना?

स्वप्नात दिसणारी शस्त्रं पुरुषाच्या अवयवाची प्रतीकं असतात असं त्यानं लिहिलं आहे. ‘शस्त्राची भीती वाटणं हे लैंगिक अपरिपक्वतेचं लक्षण’ हे वाक्य त्याच्या नावानं खपवलं जातं, ते त्याच्या लिखाणात नाही. मला या प्रतीकांत फारसा रस वाटत नाही. नोकरी नाही, घरात किंमत नाही, मुलगी ढुंकून बघत नाही आणि गल्लीतल्या भाईला मात्र सगळे नमस्कार करतात, हे रोज पाहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला समजून घ्यायला स्वप्नं उलगडावी लागत नाहीत.

दिवाळीत टिकल्यांची बंदूक घेऊन द्यावी का?

द्या. डोळे जपा.

मुलाला नेमबाजीचा क्लास लावला तर वेड वाढेल का?

बहुधा कमी होईल. दहा मीटर एअर रायफलचा सराव एकदा बघून या. जाड जॅकेटमधलं पोर अर्धा तास जवळजवळ हलत नाही. श्वास अर्धा सोडून धरायचा, ठोक्यांच्या मधली शांतता पकडायची, मन चळलं तर बोट ट्रिगरवरून काढून रायफल खाली घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. न झाडलेली गोळीही तिथं कौशल्यात मोजतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं, तेव्हा त्याचा चेहरा पाहिला असेल. त्यात कुठंही भाई नव्हता. अश्वत्थाम्याला जे शिकवायचं राहून गेलं, ते इथं पहिल्या आठवड्यात शिकवतात.

खर्च मात्र आहे. रायफल, जॅकेट, पेलेट, रेंजची फी. आधी कुणाची तरी वापरून बघू द्या.

मुलाच्या मोबाइलमध्ये पिस्तुलासोबत फोटो सापडला. काय करू?

आधी आरडाओरडा करू नका आणि मोबाइल फोडू नका. शांतपणे विचारा: हे खरं आहे का, कुणाचं आहे, आता कुठं आहे? बऱ्याचदा लायटर किंवा खेळणं निघतं. तसं असलं तरी फोटो काढून टाकायला लावा, कारण पोलीस स्टेटसवरूनच माग काढतात.

खरं असेल आणि घरात असेल तर हात लावू नका, लपवू नका, रात्री जाऊन गोदावरीत टाकू नका. ओळखीच्या वकिलाला सोबत घेऊन पोलिसांकडं जा. मुलगा अठराच्या आत असेल तर बाल न्याय कायद्यानुसार त्याचं प्रकरण वेगळं हाताळलं जातं, त्यामुळं घाबरून उशीर करण्यात नुकसानच आहे.

मग दोन-चार दिवसांनी, दोघंच असताना, विचारा: तुला कुणाची भीती वाटते? हा प्रश्न विचारल्यावर माझ्यासमोर बसलेली मुलं बहुतेक वेळा रडली आहेत. कॉलेजच्या पार्किंगमधलं जुनं भांडण असतं, उधारीचे पैसे असतात, कुणीतरी मार दिलेला असतो आणि त्याचा व्हिडिओ फिरत असतो. तो धागा हाती आला की पुढचं बोलणं सोपं जातं. वडिलांना जमत नसेल तर मामाला किंवा एखाद्या शिक्षकाला बोलू द्या. मुलांसाठीची १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस १४४१६ या दोन्ही हेल्पलाइन मोफत आहेत आणि मराठीत बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२.